गाठ, तिचे प्रतिबिंब आणि बीजगणिताचे मौन

एखादे विधान दीर्घकाळ खरे मानले गेले, म्हणून ते सिद्ध होत नाही. गणिताला याचा प्रत्यय २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा आला. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे मार्क ब्रिटनहॅम व सुसान हर्मिलर यांनी गाठींविषयीचा एक जुना समज संगणकाच्या साह्याने खोटा ठरवला.

गणितज्ञांची गाठ म्हणजे टोके जोडलेला बंद दोर. जेथे दोर स्वतःवरून जातो, तेथे वरचा पदर खाली घेणे हा एक बदल. कमीत कमी जितक्या बदलांनी गाठ सुटून साधे कडे उरते, ती तिची उकल-संख्या. दोन गाठी एकाच दोरात जोडल्यास या संख्यांची बेरीज होते काय, हा प्रश्न हिल्मार वेंट यांच्या १९३७ मधील संशोधनापासूनचा. उत्तर 'होय' असावे, असाच बहुतेकांचा कयास होता.

तो ढळला एका साध्या गाठीवर. दोन पदरांना सात अर्धे पीळ देऊन टोके जोडली की ही गाठ तयार होते. तिची उकल-संख्या ३. आरशातील प्रतिबिंबाचीही ३. दोन्ही जोडल्यावर ६ बदल लागावेत, पण पाचच पुरतात!

हे इतकी वर्षे का दिसले नाही? दोर कसाही ओढला तरी न बदलणाऱ्या बैजिक राशींवर गणितज्ञांची भिस्त असते. 'सिग्नेचर' ही त्यांपैकी एक. एका बदलाने ती फार तर २ ने बदलते आणि साध्या कड्याची ती शून्य असते. या गाठीची सिग्नेचर ६ मानली, तर किमान ३ बदल अटळ ठरतात. तशाच दोन गाठी जोडल्यास बेरीज १२ होते. तेथे ६ बदलांना पर्याय नाही. प्रतिबिंबात मात्र चिन्ह उलटते. बेरीज शून्य होते आणि ही राशी मूक होते. नेमक्या त्याच फटीतून अपवाद निसटला.

हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हे. पेशीतील टोपोआयसोमरेज ही विकरे डीएनएचा एक पदर कापून त्यातून दुसरा पार नेतात व पुन्हा सांधतात. म्हणजे हाच बदल घडवतात.

'किमान इतके' एवढीच हमी अशा राशी देतात. त्यांच्या मौनाला संमती मानणे किती धोक्याचे, हा या निष्कर्षाचा खरा धडा आहे.