वेगाचा गौरव झाला, नोंदीचे काय?

२६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. तेव्हापासून आपली चर्चा पेटाफ्लॉप्सभोवतीच फिरते आहे. अभिमान मलाही आहे. परंतु गणनेचे उत्तर डिस्कवर सुखरूप पोहोचते का, हा प्रश्न आपण विचारतो का?

प्रोग्रॅमने ‘लिहिले’ म्हटले म्हणजे ते लिहिले गेले, हा भ्रम आहे. लिनक्समध्ये मजकूर आधी रॅममधील कॅशमध्ये साठतो; नेहमीच्या मांडणीत तो सुमारे ३० सेकंद तेथेच राहू शकतो. पुढे डिस्कची स्वतःची राइट कॅश असतेच. मध्येच वीज गेली, तर पोचपावती हातात आणि पत्र गहाळ!

पीएचडीच्या काळात मी हे भोगले आहे. अकरा दिवस चाललेल्या सिम्युलेशनची चेकपॉइंट फाइल वीज परतल्यावर शून्य बाइटची निघाली. सर्वांनी विजेला बोल लावला. खरा दोष माझ्या प्रोग्रॅमचा होता. जुन्या फाइलच्या जागी नवी आणण्यापूर्वी मी ‘एफसिंक’, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरवण्याची आज्ञा, दिलीच नव्हती. ती द्यायची असते हे कोणी शिकवलेही नव्हते.

हा केवळ नवशिक्यांचा प्रमाद नव्हे. एफसिंक एकदा फसल्यावर लिनक्सवर पुढचे एफसिंक ‘यशस्वी’ म्हणून परतू शकते, आणि मधला मजकूर मात्र हरवलेला असतो, हे २०१८ मध्ये पोस्टग्रेसक्यूएलच्या विकासकांना कळून चुकले. त्यांनी २०१९ मध्ये धोरणच बदलले: एफसिंक फसले की सर्व्हर थांबवायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा.

कॅश बंद करा, असे मी म्हणत नाही. तिच्याविना काम रखडेल. आक्षेप आहे तो कॅशचा वेग डिस्कचा म्हणून मिरवण्याला. रॅममध्ये मावणारी फाइल लिहून, एफसिंक न करता मोजलेला वेग बहुतांशी रॅमचाच असतो.

पार्टिशनबाबतही असाच भ्रम आहे. एका फिरत्या डिस्कचे चार भाग केले म्हणून चार डिस्क होत नाहीत. हेड त्या भागांमध्ये धावत राहिले, तर वेग उलट घटतो. विभाजनाचा खरा लाभ वेगळा आहे: लॉग फुगून त्यांचा भाग भरला, तरी मोजमापांची जागा शाबूत राहते.

म्हणून दोन मागण्या. लेखनवेगाचा प्रत्येक आकडा एफसिंकसह आहे की त्याविना, हे नमूद व्हावे. आणि चेकपॉइंट सुरक्षितपणे कसा लिहावा, हे पीएचडीच्या पहिल्याच सत्रात शिकवले जावे. एककाविना दिलेली संख्या भौतिकशास्त्रात आपण स्वीकारत नाही. मग ही अर्धवट संख्या का स्वीकारावी?