दोन पक्षांतल्या भेगा आणि आपला कापूस



तालुक्याच्या बैठकांत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. 'इथे पक्षच किती झाले! एकाचे दोन, दोनाचे चार. त्यापेक्षा अमेरिकेसारखे दोनच पक्ष असते, तर शेतकऱ्याला हिशेब तरी मागता आला असता.' तक्रारीतला वैताग खरा आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली. आपण ज्याला एका बाजूचा म्हणून निवडून दिले तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला आणि आपल्याला कोणी विचारलेही नाही. पण ह्या दुखण्यावर जे औषध सांगितले जाते ते तपासून घेतले पाहिजे. शेजाऱ्याचे बियाणे आणण्याआधी त्याच्या रानातली माती पाहावी, इतकी अक्कल कोरडवाहू शेतकऱ्याला असतेच.

अमेरिकेत दोन पक्ष आहेत ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी की, त्या दोन्ही पक्षांच्या पोटात कायम तीन-चार तट असतात आणि तिथल्या शेतकऱ्याचे बरेवाईट पक्षांच्या आपसातल्या लढाईपेक्षा ह्या पोटातल्या भांडणांनी जास्त ठरले आहे. आपलेही ठरले आहे.

एप्रिल १८६० मध्ये चार्ल्स्टन गावी डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. गुलामगिरीच्या प्रश्नावर दक्षिणेकडचे प्रतिनिधी उठून गेले, पक्षाचे दोन उमेदवार उभे राहिले आणि अब्राहम लिंकन जेमतेम ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. त्याआधी व्हिग नावाचा दुसरा मोठा पक्ष ह्याच प्रश्नावर मोडून नाहीसा झाला होता. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. इंग्लंडच्या गिरण्या तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेतून घेत होत्या, तो अडला आणि वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, त्याच्या कारणांत वाढलेला सारा होता तसे हे आटलेले कर्जही होते. परदेशातल्या पक्षाची फूट ही आपल्याला दूरची गोष्ट नाही, ती बाजारातून घरात येते.

मग पक्षातली फूट वाईटच म्हणायची का? इथे मातीचे उदाहरण देतो. काळ्या रानाला चैत्र-वैशाखात भेगा पडतात, त्याचे कोणी दुःख करत नाही. मृगाचे पहिले पाणी त्याच भेगांतून खाली मुरते. तीच भेग ऑक्टोबरात, कपाशी बोंडांवर असताना पडली तर मुळे तुटतात आणि उरलासुरला ओलावा उडून जातो. पक्षाचेही असेच आहे. आतले भांडण बाहेरच्या प्रश्नाला आत यायला वाट देते की उभे पीक वाळवते, हे पाहावे लागते.

अमेरिकन कापूस शेतकऱ्याने हे फार किंमत मोजून शिकून घेतले. युद्धानंतर दक्षिणेत दुकानदार पेरणीला पीठ, मीठ, खत उधार देई आणि उभ्या पिकावर बोजा चढवी. उधारीचा भाव वेगळा, रोखीचा वेगळा. अट एकच: कापूसच लाव, कारण कापूस घरात शिजवून खाता येत नाही. १८९४ मध्ये कापूस पौंडाला ५ सेंटच्याही खाली गेला. ह्या जाचातून टेक्सासमध्ये 'फार्मर्स अलायन्स' उभी राहिली. तिचे नेते चार्ल्स मॅक्यून ह्यांनी १८८९ मध्ये योजना मांडली ती अशी: सरकारने गोदामे बांधावीत, शेतकऱ्याने माल तिथे ठेवावा, बाजारभावाच्या ८० टक्के उचल १ टक्का व्याजाने मिळावी आणि भाव पाहून वर्षभरात माल विकावा. आपल्या बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना ज्यांनी वापरली आहे त्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको.

मागणी साधी होती, दोन्ही पक्षांनी ती उडवून लावली. त्यांना ते परवडतही होते. दक्षिणेतला कापूसवाला युद्धाच्या आठवणीने डोळे झाकून डेमोक्रॅटिक पक्षाला मत देई, उत्तरेतला गहूवाला तितक्याच डोळेझाकपणे रिपब्लिकन पक्षाला. दोघांचे कर्ज एकच, दोघांचा रेल्वेभाड्याचा जाच एकच, पण मते एकमेकांना कापणारी. काळ्या शेतकऱ्यांची वेगळी अलायन्स होती. गोऱ्या आणि काळ्या कापूसवाल्यांनी एकत्र मत द्यावे, असे सांगणारे टॉम वॉटसन जॉर्जियात निघाले, पण सत्ताधाऱ्यांनी वर्णद्वेषाचे हत्यार उपसले आणि दक्षिणेतल्या राज्यांनी एकामागून एक काळ्यांचा मताधिकारच मोडून काढला. पुढे वॉटसन स्वतः विखारी वर्णद्वेष्टे झाले. जातीच्या नावावर गाव दुभंगला की हमीभावाची सभा कशी ओस पडते, हे आपण इथे पाहतोच.

म्हणून १८९२ मध्ये शेतकऱ्यांनी तिसरा पक्ष काढला, पीपल्स पार्टी. जेम्स वीव्हर ह्यांना १० लाखांवर मते पडली, सुमारे साडेआठ टक्के. आरंभ म्हणून वाईट नव्हता. पण ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून येतो अशा पद्धतीत, सगळीकडे पसरलेल्या साडेआठ टक्क्यांना फारसे काही मिळत नाही. १८९६ मध्ये दोन्ही जुने पक्ष चलनाच्या प्रश्नावर आतून फुटले. नाण्याला सोन्याचाच आधार ठेवला तर पैसा महाग आणि शेतमाल स्वस्त, चांदीही चालवली तर कर्जदाराला थोडी उसंत, असे ते भांडण होते. चांदीवाले रिपब्लिकन अधिवेशनातून उठून गेले. डेमोक्रॅटिक पक्षाने स्वतःच्याच राष्ट्राध्यक्षाची, क्लीव्हलंडची, धोरणे झुगारून ३६ वर्षांच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायनला उमेदवारी दिली, तर सोनेवाले डेमोक्रॅट वेगळा उमेदवार घेऊन बसले. पीपल्स पार्टीनेही ब्रायनलाच आपला मानले. ब्रायन हरले, २७१ विरुद्ध १७६. पक्ष मोठ्या पक्षाच्या पोटात विरघळला आणि गोदामाची मागणी चांदीच्या गर्जनेत बुडाली. माझ्या मते निवडणूक हरली हा लहान तोटा. अनेक वर्षे गावोगाव घडवलेली मागणी सोडून एका घोषणेमागे जाणे, हा मोठा.

ह्याच्या उलट गोष्ट उत्तर डाकोटाची, आणि ती आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे. तोही कमी पावसाचा प्रदेश, पीक गहू आणि जवस. आर्थर टाउनली नावाच्या जवसात बुडालेल्या शेतकऱ्याने १९१५ मध्ये 'नॉनपार्टिझन लीग' काढली. त्यांनी पक्ष काढला नाही. राज्यात रिपब्लिकन पक्ष बलवान होता आणि पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारच प्राथमिक निवडणुकीत ठरवत असत. लीगचे कार्यकर्ते फोर्ड मोटारी घेऊन वस्तीवस्तीवर फिरले, सभासद केले, वर्गणी घेतली आणि त्या प्राथमिक निवडणुकीत आपली माणसे उभी केली. १९१६ मध्ये लिन फ्रेझर हा शेतकरी रिपब्लिकन पक्षाच्या चिठ्ठीवर, पण लीगच्या कार्यक्रमावर, राज्यपाल झाला. तिथे राज्यपाल म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच समजा. १९१९ मध्ये राज्याची स्वतःची बँक स्थापन झाली, पाठोपाठ राज्याची पिठाची गिरणी आली. १९२१ मध्ये विरोधकांनी मतदान घेऊन फ्रेझरला मुदतीआधीच पायउतार केले, लीगही पुढे ओसरली. पण बँक आणि गिरणी दोन्ही आजही राज्याच्या मालकीच्या आहेत आणि चालू आहेत. सत्ता जाऊनही जे मागे उरले ते मोजावे.

१९२१ मध्येच वॉशिंग्टनला दोन्ही पक्षांच्या शेतकरी भागांतल्या सिनेटरांनी मिळून 'फार्म ब्लॉक' केला. पक्ष वेगळे, शेतीवर मत एक. ऑक्टोबर १९३३ मध्ये सरकारने कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन काढून कापसावर पौंडामागे १० सेंट उचल द्यायला सुरुवात केली. मॅक्यूनची गोदाम-कर्जाची कल्पनाच वेगळ्या रूपाने ४४ वर्षांनी परत आली. १९६४ मध्ये आणखी एक सौदा झाला. शहरातल्या प्रतिनिधींना गरिबांसाठी अन्नकुपने हवी होती, दक्षिणेतल्यांना कापूस-गव्हाचा कायदा. दोन्ही विधेयके प्रतिनिधिगृहात एकाच दिवशी पार पडली. १९७३ पासून अन्नकुपने शेती विधेयकातच जोडली गेली. शंभरात दोनही शेतकरी नसलेल्या देशात शेतकऱ्याला मदत मिळत राहिली ती ह्या देवाणघेवाणीमुळे. ती मदत आपल्या कापसाच्या भावाला मारक होती, ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत त्याविरुद्ध दावा जिंकला, तो भाग वेगळा. आपल्या विरोधात का होईना, यंत्रणा कशी चालत होती ते समजून घ्यायला हरकत नाही.

अलीकडे मात्र भेगा ऑक्टोबरातल्या आहेत. २० जून २०१३ रोजी शेती विधेयक १९५ विरुद्ध २३४ मतांनी पडले आणि विरोधात सत्ताधारी रिपब्लिकनांचीच ६२ मते होती. १८ मे २०१८ रोजी ते पुन्हा पडले, १९८ विरुद्ध २१३. ह्या वेळी ३० रिपब्लिकन उलटले आणि त्यांतल्या कडव्या गटाचे भांडण शेतीशी नव्हते, परदेशातून येणाऱ्या लोकांच्या कायद्यावर आधी मतदान घ्या म्हणून त्यांनी शेतीचे विधेयक ओलीस धरले. पाच आठवड्यांनी ते अवघ्या दोन मतांनी तरले. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी आठ रिपब्लिकनांनी विरोधकांना मिळून आपलाच सभापती खाली खेचला. त्याच्या तीन दिवस आधी शेती कायद्याची मुदत संपली होती, पुढे तो वर्षावर्षाने लांबवत न्यावा लागला. जुलै २०२५ मध्ये कापसासह पिकांचे आधारभाव वाढले खरे, पण एकाच पक्षाच्या मतांवर आणि त्याच कायद्यात अन्नकुपनांना कात्री लावून. १९६४ चा सौदा तिथे मोडला. आता तिथली शेती एका पक्षाची मालमत्ता होऊ लागली आहे. जो एकाचा हक्काचा झाला त्याची विचारपूस दुसरा करत नाही आणि पहिल्यालाही करण्याची गरज उरत नाही.

असे का झाले? बरेचसे मतदारसंघ एका पक्षाचे पक्के झाले. तिथे प्रतिनिधीला विरोधी पक्षाची भीती नाही, प्राथमिक निवडणुकीत आपल्याच पक्षातला जास्त कडवा माणूस समोर उभा राहील ही भीती आहे. ज्या दाराने उत्तर डाकोटाचा शेतकरी आत गेला, त्याच दाराने आता पैसेवाले आणि माथेफिरू जातात. दाराचा दोष नाही, शेतकऱ्याने ते वापरायचे सोडले.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे ते दारच नाही. उमेदवारी वरून येणाऱ्या एबी फॉर्मवर ठरते. निवडून आल्यावर १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याने व्हिप मोडला की आमदारकी-खासदारकी धोक्यात. अमेरिकेतले ते ६२ जण पक्षात राहूनच पक्षाविरुद्ध मत देऊ शकले, इथे एकट्याने तसे केले तर घरी जावे लागते. आधी एक तृतीयांश फुटले तर चालत असे, २००३ च्या दुरुस्तीने ती सवलतही काढली. त्यामुळे फूट थांबली का? महाराष्ट्राने पाहिले आहे. एका प्रश्नावर आतून विरोध करण्याची वाट बंद, गठ्ठ्याने बाहेर पडून सरकार बदलण्याची वाट शोधून काढता येते. ज्या फुटीने शेतमालाच्या भावाला वाचा फुटली असती ती बेकायदा, आणि ज्या फुटीने खाती वाटून घेता येतात ती मात्र निभावून जाते.

सप्टेंबर २०२० मध्ये तीन शेती कायदे आले. त्या कायद्यांबद्दल आपल्यातही दोन मते होती, तो वाद इथे उकरत नाही. पण २० सप्टेंबरला राज्यसभेत त्यांतली दोन विधेयके गोंधळात, आवाजी मतदानाने मंजूर झाली. कोणत्या खासदाराने काय केले ह्याची नोंदच नाही. एका मित्रपक्षाला विरोध करायचा होता, तर त्याला मंत्रिपद सोडून आघाडीबाहेर पडावे लागले, घरात राहून भांडायची सोय नव्हती. नोव्हेंबर २०२१ मध्ये कायदे मागे घेतले तेही चर्चेविना. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठले, मग सवलत ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे आपला माल बाजारात येण्याच्या ऐन हंगामात, लांबवली गेली. ती अधिसूचनेने झाली, मतदानाचा प्रश्नच आला नाही. २०२४ मध्ये कापूसपट्ट्यातून निवडून गेलेले खासदार दोन्ही आघाड्यांचे आहेत. त्यांनी पक्ष सोडून एकत्र बसावे, आपला 'कापूस ब्लॉक' करावा, असे आपणही त्यांना कधी ठणकावून सांगितले नाही.

१९९० मध्ये दिनेश गोस्वामी समितीने सुचवले होते की, व्हिप मोडल्याची शिक्षा विश्वास-अविश्वासाचे ठराव, अर्थविधेयके आणि राष्ट्रपतींच्या अभिभाषणावरचा ठराव इतक्यापुरतीच ठेवावी, बाकी प्रश्नांवर प्रतिनिधीला आपले मत देता यावे. ही शिफारस तशीच पडून आहे. पुढच्या जिल्हा बैठकीत ह्यावर ठराव येणार आहे: गोस्वामी समितीची ही शिफारस अमलात आणावी, शेतीच्या प्रत्येक विधेयकावर नावनिशीवार मतदान व्हावे, आणि कापूस आयात शुल्कातला बदल हंगामाआधी संसदेपुढे मतदानाला यावा. मसुदा तालुकाप्रमुखांकडे पोचवला आहे. गावात वाचून दाखवा, खाडाखोड करा आणि आपल्या खासदाराला, तो कोणत्याही आघाडीचा असो, एकच कागद पाठवून सहीनिशी उत्तर मागा. आलेली उत्तरे, आणि न आलेल्यांची नावे, पुढच्या अंकात छापू.