सर्वोत्तम बाँड कोण? जुन्या वादाला चेन्नईचे वेगळे उत्तर

जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची भूमिका सर्वांत उत्तम कोणी वठवली, हा चित्रपटरसिकांचा सहा दशकांचा जुना वाद आहे. २०२१ मध्ये 'नो टाइम टू डाय' या चित्रपटाने डॅनियल क्रेग यांची बाँड म्हणून कारकीर्द संपली. २०२५ मध्ये या चित्रपटमालिकेची निर्मितीविषयक सूत्रे ॲमेझॉन एमजीएम स्टुडिओकडे गेली आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचे नाव जाहीर झाले. त्यामुळे या वादाला पुन्हा जोर आला. मात्र या प्रश्नाचा विचार करताना दक्षिण भारताचा, विशेषतः चेन्नईचा अनुभव सहसा लक्षात घेतला जात नाही.

मूळ मालिकेत २०२१ पर्यंत २५ चित्रपट झाले आणि सहा अभिनेत्यांनी ही भूमिका केली. शॉन कॉनरी यांनी सहा, जॉर्ज लेझनबी यांनी एक, रॉजर मूर यांनी सात, टिमथी डाल्टन यांनी दोन, पिअर्स ब्रॉस्नन यांनी चार आणि क्रेग यांनी पाच चित्रपट केले. या सहा जणांची तुलना शक्य होते, कारण भूमिका कायम राहते आणि अभिनेता बदलतो.

निकष कोणता?

या तुलनेसाठी साधारणपणे दोन निकष लावले जातात. पहिला निकष इयान फ्लेमिंग यांच्या कादंबऱ्यांशी असलेल्या इमानाचा. त्यानुसार अनेक जाणकार डाल्टन यांना वरचे स्थान देतात. परंतु त्यांना दोनच चित्रपट मिळाले. दुसरा निकष लोकप्रियतेचा. त्याची परीक्षा १९८३ मध्ये प्रत्यक्षच झाली. त्या वर्षी मूर यांचा 'ऑक्टोपसी' आणि मूळ मालिकेबाहेर तयार झालेला कॉनरी यांचा 'नेव्हर से नेव्हर अगेन' असे दोन बाँडपट काही महिन्यांच्या अंतराने प्रदर्शित झाले. तिकीटखिडकीवर मूर यांची सरशी झाली. तरीही सर्वोत्तम बाँडची चर्चा निघाली की आजही अनेकांच्या ओठी कॉनरी यांचेच नाव प्रथम येते. केवळ गल्ल्यावरून या वादाचा निवाडा होत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

'ऑक्टोपसी'चे बरेचसे चित्रीकरण उदयपूरमध्ये झाले होते. त्यात बाँडच्या भारतीय सहकाऱ्याची भूमिका चेन्नईचे टेनिसपटू विजय अमृतराज यांनी केली, तर कबीर बेदी खलनायकाच्या साथीदाराच्या रूपात दिसले. पडद्यावर भारत होता, भारतीय माणसेही होती. नायक मात्र लंडनहून आलेला होता. चेन्नईच्या चित्रसृष्टीने आपल्या नायकाची सोय त्याआधी सतरा वर्षे करून ठेवली होती.

एन्नोरचा दाखला

चेन्नईच्या उत्तर टोकाला असलेले एन्नोर हे बंदर, वीज केंद्र आणि कारखान्यांचे गाव. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्स या कंपनीने येथे इंग्लंडहून सुटे भाग आणून ऑस्टिन मोटारींची जुळणी सुरू केली. पुढे लेलँड या ब्रिटिश कंपनीशी करार झाला, १९५५ मध्ये कंपनीचे नाव अशोक लेलँड झाले आणि भारतीय रस्त्यांवर धावणारे ट्रक व बसगाड्या ही तिची ओळख बनली. आधी परक्या नमुन्याची जुळणी, मग गरजेनुसार फेरबदल आणि अखेर स्वतःची घडण, असा हा प्रवास होता. मद्रासच्या चित्रसृष्टीत बाँडचे नेमके हेच झाले.

१९६६ मध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने जयशंकर यांना घेऊन 'वल्लवन ओरुवन' हा तमिळ चित्रपट काढला. १९७० मध्ये 'सीआयडी शंकर' आला. त्यातील अभिनेत्री शकुंतला यांच्या नावामागे 'सीआयडी' हे बिरुद कायमचे जोडले गेले. जयशंकर यांना तर 'दक्षिणेचा जेम्स बाँड' म्हणूनच ओळखले जाऊ लागले. १९६६ मध्येच कृष्णा आणि जयललिता यांचा 'गूढचारी ११६' हा तेलुगू चित्रपट प्रदर्शित झाला. त्यावरून १९६७ मध्ये हिंदीत 'फर्ज' निघाला आणि जितेंद्र यांचे नाव झाले. कन्नडमध्ये राजकुमार यांनी १९६८ च्या 'जेडर बले'पासून सीआयडी ९९९ हा हेर साकारला. हिंदीतील हेरपटांचा एक महत्त्वाचा धागा असा थेट लंडनहून नव्हे, तर दक्षिणेतून आला. मराठी माणसाला मात्र असा नायक पडद्यापेक्षा पुस्तकांत अधिक भेटला. गुरुनाथ नाईक यांच्या रहस्यकथांतील कॅप्टन दीप हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या नायकांकडे बाँडइतका खर्चिक सरंजाम नव्हता. त्यांचे शत्रूही बहुधा तस्कर, बनावट नोटा छापणारे किंवा देशद्रोही असत. परकीय महासत्तेपेक्षा देशातील फितुरी आणि काळा पैसा यांची धास्ती अधिक असलेल्या समाजाला हा हेर जवळचा वाटला असल्यास नवल नाही.

जखमी हेर

पुढचा टप्पा कमल हासन यांचा. १९८६ मधील 'विक्रम'चे लेखन तमिळ साहित्यिक सुजाता यांनी केले होते. व्यवसायाने अभियंता असलेल्या सुजाता यांनी कथेत चोरीला गेलेले क्षेपणास्त्र आणि संगणक आणले. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा हेर पत्नीच्या हत्येचे दुःख घेऊन मोहिमेवर निघतो. १९६९ मध्ये लेझनबी यांच्या बाँडची पत्नी चित्रपटाच्या शेवटी मारली जाते. येथे त्या दुःखापासूनच कथेला गती मिळते. मनाने जखमी असलेला बाँड क्रेग यांच्यामुळे रूढ झाला, तो २००६ पासून.

२०२२ मध्ये लोकेश कनगराज यांच्या 'विक्रम'मध्ये कमल हासन त्याच नावाच्या हेराच्या भूमिकेत परतले. पहिल्या वेळी ते ३१ वर्षांचे होते, दुसऱ्या वेळी ६७. या खेपेस त्यांचा नायक मुलगा गमावलेला आणि नातवाला जपणारा आजोबा होता. बाँड मालिकेत अभिनेत्याचे वय वाढले की नवा चेहरा येतो. चेन्नईत हेर आपल्या अभिनेत्याबरोबर म्हातारा झाला.

सर्वोत्तम अभिनेता ठरवण्याचा तिसरा निकष येथे सापडतो. ज्याच्यानंतर त्या भूमिकेकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही, तो श्रेष्ठ. त्या कसोटीवर कॉनरी यांनी साचा घडवला आणि क्रेग यांनी तो मोडला. बाकीच्यांनी तो कमी-अधिक कौशल्याने सांभाळला. दक्षिणेत जयशंकर यांनी परका साचा आपल्या मातीत रुजवला आणि कमल हासन यांनी त्याला स्वतंत्र रूप दिले.

'दक्षिणेचा जेम्स बाँड' हे बिरुद गौरवाचे असले तरी त्यात एक अन्याय दडलेला आहे. त्यामुळे जयशंकर, कृष्णा, राजकुमार यांच्या कामाचे मोल ते मूळ बाँडच्या किती जवळ गेले यावरून ठरते. ते त्याच्यापासून किती आणि का दूर गेले, हा प्रश्न विचारला जात नाही. एन्नोरमध्ये तयार झालेला ट्रक इंग्लंडच्या ट्रकसारखा दिसतो का, असे कोणी विचारत नाही. तो येथील रस्त्यांवर, येथील ओझे घेऊन चालतो का, एवढेच पाहिले जाते. पडद्यावरील हेरालाही तोच न्याय लावायला हरकत नसावी.