निपाणीच्या दुकानासमोर गाडी थांबते

गेल्या महिन्यात रूळ टाकून झाले आणि गाडी न घसरता तीन फेऱ्या मारू लागली. आता गावाचं बघायचं, आणि गावाचं बघायचं म्हणजे आधी बाजार. स्टेशन, सिग्नल, पूल विकत मिळतात, नाहीतर कुठलेही चालून जातात. दुकान मात्र कुठलंही चालत नाही.

हा छंद मुळात युरोप-अमेरिकेतला. जर्मनीची फॅलर, अमेरिकेची वॉल्दर्स अशा कंपन्या दुकानांचे सुटे भाग पेटीत भरून विकतात. बेकरी, औषधाचं दुकान, लाल विटांचं हार्डवेअर. जोडायला झकास. पण त्यांना कट्टा नसतो. आपल्याकडं दुकान म्हणजे आधी कट्टा, त्यावर पुढं आलेला पत्रा आणि पत्र्याखाली पेपर वाचत बसलेला, काहीही विकत न घेणारा एक माणूस. तो माणूस कुठल्याच पेटीत येत नाही.

माझं माप १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. हॅम्बुर्गचं मिनिआटुर वुंडरलँड याच मापाचं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, पोरांना घेऊन एकदा जाऊनच या. माझ्याकडं माडीवर ८ बाय ४ फुटांचं एक प्लायवूड आहे. या मापात ते २१२ बाय १०६ मीटर होतं. गणपत गल्ली न् खडेबाजार सोडाच, पहिल्या गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंतचं टिळकवाडीसुद्धा त्यात मावत नाही. म्हणून पाच-सहाच दुकानं, तीही अर्धी, नुसता दर्शनी भाग. मागची बाजू भिंतीला टेकलेली.

मग कुठली पाच-सहा? पहिला मोह किर्लोस्करांचा. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. ते मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना तिथून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा इथं त्या विकायचे, वर चालवायलाही शिकवायचे. पुढं १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. एवढ्या मोठ्या उद्योगाचं मूळ आपल्या गावातलं एक किरकोळ विक्रीचं दुकान आहे, हे किर्लोस्कर रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांच्या लक्षात असतं? तरीही ते दुकान मी केलं नाही. कारण साल जुळत नाही.

सालाचं म्हणणं जरा समजून घ्या, कारण सगळी गंमत तिथं आहे. इंजिनावरून साल कळत नाही, एक इंजिन तीस-तीस वर्षं धावतं. कळतं ते दुकानावरून. बोर्डावर फोन नंबर सात आकडी दिसला की बेळगावचं ते दुकान २००० नंतरचं. पिवळा एसटीडी बूथ असेल तर साधारण १९९० च्या आसपासचं. 'बेळगांव' की 'बेळगावी' तेही बघा, सरकारी नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला. माझे रूळ मीटरगेजचे, आणि आपल्याकडं ब्रॉडगेज नव्वदच्या दशकात झालं. म्हणून मी १९९१ धरलं. मीटरगेज आहे, एसटीडी बूथ नुकता आलाय, आणि आज्जाचं दुकान चालू आहे.

खरं कारण तेच तिसरं. निपाणीला आमच्या आज्जाचं किराणा दुकान होतं. आज्जा गेल्यावर ते बंद पडलं. आता बाबा आणि दोन्ही काकांनी मिळून जागा द्यायचं ठरवलंय, दिवाळीनंतर पाडून तिथं गाळे होणार. मला त्यात काही बोलायचं नाही. वासे वाळवीनं खाल्लेत, पुढच्या पावसाळ्यात ते आपणहून बसलं असतं. पण पाडायच्या आधी मी टेप घेऊन दोन रविवार तिथं काढले.

दर्शनी बाजू १२ फूट, म्हणजे टेबलावर ४२ मिलिमीटर. दुकानाला शटर नव्हतं, फळ्या होत्या. चौदा फळ्या, प्रत्येकीवर मागच्या बाजूला आज्जाच्या अक्षरात आकडा, कारण एकीची जागा दुसरीला चालत नसे. फळीची रुंदी आठ इंचांना थोडी कमी. सत्त्याऐंशीनं भागलं की सव्वादोन मिलिमीटर येतात, आणि काडेपेटीतली काडी जवळजवळ तेवढीच असते! चौदा काड्या, चहाच्या पाण्यात बुडवून काढलेल्या. कौलांसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा, वरचा कागद सोलून. एक फुटाचं अक्षर साडेतीन मिलिमीटरचं होतं, त्यामुळं बोर्डाचा फोटो लहान करून छापला तरी अनुस्वारासकट वाचता येतो. संगणकावरचा फॉन्ट वापरून बघितला, तो फार गुळगुळीत दिसला. पेंटरनं हातानं काढलेला 'र' वेगळाच.

बोर्डावर नाव मराठीत, खाली कन्नडमध्ये, कोपऱ्यात इंग्रजीत. शाळेत कन्नड झाल्यामुळं मला तिन्ही वाचता येतात. आज्जाला कन्नड लिहिता येत नव्हतं, बोलायचा मात्र फाडफाड, कारण तंबाखूच्या हंगामात गाड्या घेऊन येणारं अर्धं गिऱ्हाईक कन्नड बोलणारं. २०२४ च्या कायद्यानं कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालंय, आणि सीमाभागात पाटीवरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मला एकानं विचारलं, "टेबलावर तरी मराठी मोठं कर की." नाही केलं. १९९१ साली जेवढं होतं तेवढंच ठेवलंय. मराठी मोठं होतंच, ते मोठं करायची गरज नाही, आणि कन्नड होतं, ते खोडायचीही नाही.

गल्ल्याखालच्या खणात बिलबुकांचा गठ्ठा सापडला. सगळ्यात जुन्या बिलावर पत्ता 'निपाणी, जि. बेळगांव, मुंबई राज्य'. मधल्यांवर 'म्हैसूर राज्य'. १९७३ नंतरच्यांवर 'कर्नाटक राज्य'. दुकान मात्र एक इंचही हललं नव्हतं. ती तिन्ही बिलं मी फ्रेम करून माडीवर लावलीत.

आता तुम्ही विचाराल, निपाणीत रेल्वे कुठं आहे? नाहीच. निपाणीकराला गाडी धरायची तर कोल्हापूर, नाहीतर चिकोडी रोड गाठायचं. आज्जा म्हणायचा, हायवे दिला, गाडी नाही दिली. माझ्या टेबलावर दिली. रूळ खोटे, स्टेशन खोटं, दुकानाची एकेक फळी खरी. या छंदातले कट्टर लोक याला नाकं मुरडतात, मुरडू देत.

घरच्यांचं वेगळंच. आत्या वर येऊन म्हणाली, "पोरं झाली तरी खेळूलालास काय रे अजून?" बाबा बरेच दिवस माडी चढलेच नव्हते. जागेचा व्यवहार ठरल्यापासून ते निपाणीचा विषयही काढत नव्हते. परवा चहा घेऊन आले, चष्मा वर करून वाकून बघितलं आणि म्हणाले, "तराजू डावीकडं होता की रे." मी तराजू हलवला. मग म्हणाले, रॉकेलची टाकी बाहेर असायची, आत नाही. गुळाच्या ढेपा कट्ट्यावर. गोणपाटाचा पडदा पश्चिमेच्या उन्हाला, चारनंतर सोडायचा. शेवटची फळी, चौदावी, लावायच्या आधी आज्जा आत वाकून एकदा बघायचा, कुणी पोरगं आत झोपलंय का. "एकदा मीच होतो," बाबा म्हणाले, आणि पोत्यांमागं कुठं ते बोटानं दाखवलं.

तिथं आता अर्ध्या इंचाचं एक पोरगं निजवायचंय. उभ्या माणसाचेच पाय कापून वाकवायचेत. त्यासाठी बारीक करवत मागवलीय.

तुमच्यापैकी कुणाचं संकेश्वर, चिकोडी, खानापूर, बेळगाव इथं जुनं दुकान अजून उभं असेल, तर या दिवाळीच्या सुट्टीत एक टेप घेऊन जा. दर्शनी रुंदी, कट्ट्याची उंची, दाराची उंची, फळ्या किती आणि बोर्डाचा समोरून एक फोटो, एवढं पुरे. अर्धा तास लागतो. माप पाठवलंत तर माझ्या टेबलावर अजून दोन गाळे रिकामे आहेत.

पुढच्या महिन्यात सिग्नल.