मानवतचा तपास आणि मानवतचा निकाल

वेब मालिकांविषयी आपल्या चळवळीतील जाणती मंडळी सहसा लिहीत नाहीत. हा रिकाम्या वेळचा विषय आहे, अशी समजूत असावी. ती बरोबर नाही. आमच्या नायगावात संध्याकाळी तरुणांच्या घोळक्यात घटकाभर बसावे. पीकविम्याइतकीच चर्चा या मालिकांची होते, आणि पुष्कळदा अधिक जाणतेपणाने होते.

या तरुणांच्याच आग्रहावरून ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका मी पाहिली. आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका ऑक्टोबर २०२४ मध्ये आली. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७२ ते १९७४ या काळात झालेल्या हत्यासत्राची ही कथा. गुप्तधन आणि अपत्य यांच्या लोभापायी लहान मुली व स्त्रिया यांचे बळी दिले गेले, असा सरकार पक्षाचा आरोप होता. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींचा मालिकेला आधार आहे. आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर या साऱ्यांचीच कामे तोलामोलाची आहेत. आपल्या मुलखाचा धुळीचा रंग पडद्यावर दिसला, याचा आनंदही झाला. तो नाकारण्याचे कारण नाही.

तरीही मालिका संपल्यावर मन अस्वस्थ राहिले. मालिकेचा सारा जीव तपासात आहे. मुंबईचा बुद्धिमान अधिकारी येतो आणि अंधारलेल्या गावाचा उलगडा करतो, ही चौकट एकदा स्वीकारली की गाव म्हणजे केवळ अंधार उरतो. वस्तुतः ते वर्ष कोणते होते? १९७२ चा दुष्काळ. माणसे खडी फोडीत होती, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढीत होती. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना हे सांगावे लागत नाही. अंधश्रद्धा हे मनाचे दुबळेपण खरे. परंतु पोट आणि पत गेलेल्या मुलखात तिला गिऱ्हाईक का मिळते, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा होता.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा खटला १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. ज्या दोघांना या कटाचे सूत्रधार म्हणून महाराष्ट्राने ओळखले, ते अखेर निर्दोष सुटले. शिक्षा भोगावी लागली ती तळच्या माणसांना. निकालपत्रात न्यायालयाने पोलिसांच्या अतिरेकाविषयी कठोर शब्द वापरले. गुन्ह्याचा छडा लावण्याच्या उत्साहात पोलिस मर्यादा ओलांडतात आणि कोठडीत सापडलेल्या माणसावर बळाचा वापर करण्याचा मोह त्यांना होतो, अशा आशयाचे ते शब्द आहेत. देशभरातील वकील आजही हा निकाल उद्धृत करतात. म्हणजे ज्या प्रकरणाची मालिका आपण पोलिसी बुद्धीचा विजय म्हणून पाहतो, ते प्रकरण कायद्याच्या ग्रंथात पोलिसांना दिलेली समज म्हणून टिकून राहिले आहे! पारधी समाजाला या ओळीचा अर्थ समजावून द्यावा लागणार नाही. १८७१ च्या कायद्याने त्याच्या कपाळी मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. ठाण्यातून तो पुसला गेला, असे कोण म्हणेल?

कोणी म्हणेल, करमणुकीकडून एवढी अपेक्षा कशाला? परंतु हेच माध्यम ते करू शकते. ‘पाताल लोक’ (२०२०) हीही पोलिसांचीच कथा. पण तिने चारही आरोपींच्या मागे जाऊन त्यांचे बालपण, त्यांची जात, त्यांच्यावर झालेले अन्याय दाखविले. गोविंद निहलानी यांनी १९८८ साली ‘तमस’ तर सरकारी दूरदर्शनवर दाखविली, आणि ती न्यायालयातही टिकली. तेव्हा त्यासाठी वर्गणी भरावी लागत नव्हती, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

आणि मराठवाड्याची कथाच हवी असेल तर ती मानवतलाच संपत नाही. आमचे नायगाव पूर्वी ज्या बिलोली तालुक्यात होते, त्याच तालुक्यातील टेंभुर्णीत ऑगस्ट १९७८ मध्ये, नामांतराच्या ठरावानंतर उसळलेल्या हिंसाचारात, पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. तेथे रहस्य नाही. मारणारे कोण आणि कशासाठी मारले, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. रहस्य नसलेल्या खुनावर पैसा घालणारा निर्माता अजून भेटावयाचा आहे.

मालिका पाहिलेल्या मुलांना मी हे बोलून दाखविले. एकाने विचारले, “काका, तो निकाल मराठीत वाचायला मिळेल का?” मिळत नसेल तर आपणच तो करावा. येत्या अभ्यासवर्गासाठी त्यातील पोलिसांविषयीच्या भागाचे भाषांतर करून देण्याचे नांदेडच्या एका वकील साथींनी मान्य केले आहे.