चणे आहेत, दात नाहीत

आषाढी एकादशीनंतर चार-पाच दिवसांनी शेजारच्या काकू पंढरपूरहून परतल्या आणि प्रसादाची पुडी देऊन गेल्या. चुरमुरे, फुटाणे, बत्तासे. आईने पुडी कपाळाला लावली, बत्ताशाचा एक कण जिभेवर ठेवला आणि फुटाण्यांची मूठ माझ्या मुलीच्या ओंजळीत रिकामी केली. "घे गं बाळा, तू खा. आमचं आता चणे आहेत तर दात नाहीत," असे म्हणून ती हसली. आम्हीही हसलो.

हसता हसता माझे लक्ष तिच्या हाताकडे गेले. एरवी मनगटावर घट्ट बसणाऱ्या पाटल्या घसरून कोपराजवळ पोहोचल्या होत्या. त्याच सायंकाळी तिला वजनकाट्यावर उभे केले. काटा ४६ किलोवर थांबला. जानेवारीतल्या तपासणीच्या कागदावर ५० किलोची नोंद होती. सहा महिन्यांत चार किलो गेले होते आणि एकाच घरात राहून, दोन्ही वेळा तिचे ताट वाढून, मला त्याचा पत्ता लागला नव्हता.

वाचकहो, "वय झाले की माणूस सुकतेच," हे वाक्य आपण फार सहजपणे उच्चारतो. ते खरे नाही. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत शरीराच्या वजनापैकी पाच टक्के किंवा अधिक वजन उतरले, तर त्याचे कारण वैद्यकीय तपासणीने शोधलेच पाहिजे. आईचे वजन आठ टक्क्यांनी उतरले होते. थायरॉइड, रक्तशर्करा, मूत्रपिंड, छाती, पोट अशा सर्व तपासण्या झाल्या. सुदैवाने मोठा आजार निघाला नाही. निघाल्या त्या दोन साध्या गोष्टी. एक म्हणजे तिची कवळी सैल झाली होती. दात गेल्यानंतर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, त्यामुळे जुनी कवळी काही वर्षांनी बसेनाशी होते. ती पोळीचा मऊ भाग तेवढा खात असे आणि बाकीची ताटाखाली सरकवत असे. दुसरी गोष्ट तिने डॉक्टरांना सांगितली, आम्हाला कधीच सांगितली नव्हती. दूध प्याले की तिचे पोट फुगत असे, म्हणून रात्रीचा दुधाचा पेला ती मोरीत ओतून देत होती. "तुम्ही एवढ्या प्रेमाने देता, नको कसं म्हणायचं?" एवढेच तिचे स्पष्टीकरण.

उतारवयात दुधातील शर्करा पचवणारे विकर अनेकांमध्ये कमी होते. दही-ताक अशांपैकी पुष्कळांना चालते, परंतु आईचा त्यावरचा विश्वासही उडाला होता. कवळी नव्याने करून घेण्यास काही आठवडे लागणार होते. तोवर तिच्या पोटात प्रथिने कशी जावीत, हा प्रश्न माझ्यापुढे होता. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. वृद्धांचे स्नायू लवकर झिजतात, म्हणून अनेक तज्ज्ञ त्यांच्यासाठी १ ते १.२ ग्रॅमचा आग्रह धरतात. म्हणजे आईला रोज ४६ ते ५५ ग्रॅम हवी होती. चहा-बिस्किट, मऊ भात आणि वरणाचे पाणी एवढ्यावर ती निम्म्यापर्यंतही पोहोचत नव्हती.

उत्तर शेवटी त्या प्रसादाच्या पुडीतच सापडले. तिला चणे चावता येत नसतील, तर चणे तिच्यासाठी मऊ करायचे. योगायोगाने माझ्या मुलीने वर्षभरापासून दूध-तूप सोडले आहे. त्यामुळे दूध, तूप, भट्टी आणि पाक यांच्यावाचून होणारा एकच गोड पदार्थ आजी आणि नात या दोघींनाही चालणार होता.

डाळे म्हणजे बेसन नव्हे

हरभरे किंचित ओलावून तापलेल्या वाळूत भाजले की फुटाणे होतात आणि त्यांची साले काढली की डाळे. चिवड्यात आणि चटणीत आपण वापरतो तेच हे पंढरपुरी डाळे. ते पूर्ण भाजलेले असल्याने दळून तसेच खाता येते. १०० ग्रॅम डाळ्यात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात.

बेसन मात्र कच्च्या हरभराडाळीचे पीठ आहे. "न शिजवता लाडू" असे ऐकून कोणी बेसनात खजूर कालवला, तर चव कच्चट लागेलच, शिवाय पोटही बिघडेल. कोणतेही कडधान्य भाजल्याशिवाय किंवा शिजवल्याशिवाय अशा पदार्थात घालू नये. राजम्याच्या बाबतीत तर हा नियम जीवावरचा आहे. कच्च्या वा अर्धवट शिजलेल्या राजम्यातील विषारी घटकामुळे तीव्र उलट्या-जुलाब होतात.

पहिला प्रयत्न फसला, तो सांगतो

पहिल्या दिवशी मी डाळ्याचे पीठ आणि गूळ एकत्र करून लाडू वळले. दिसायला सुरेख झाले. आईने अर्धा लाडू तोंडात टाकला आणि तिला तोठरा बसला. कोरडे पीठ टाळूला आणि घशाला चिकटले, ती खोकू लागली आणि तिचा चेहरा लाल झाला. पुढे वाकवून पाठ थोपटली आणि खोकला थांबल्यावर हळूहळू पाणी पाजले. दोन मिनिटांत सारे निवळले, पण ती दोन मिनिटे मी विसरणार नाही. वृद्धांच्या तोंडाला लाळ कमी सुटते आणि रक्तदाब, नैराश्य, मूत्रविकार यांवरील काही औषधांनी ती आणखी कमी होते. आपल्याला खुसखुशीत वाटणारा लाडू त्यांच्या घशात पिठाची मूठ होऊन बसतो. लाडू ओलसर, मऊ आणि एकजीव असला पाहिजे हा धडा मला असा मिळाला. पुढील कृती त्या धड्यानंतरची आहे.

डाळ्याचे मऊ लाडू (साधारण १४ नग)

साहित्य: डाळे १०० ग्रॅम (एक मध्यम वाटी), भाजून सोललेले बिनमिठाचे शेंगदाणे ५० ग्रॅम, भाजलेले तीळ १५ ग्रॅम, बिया काढलेला मऊ खजूर ८० ग्रॅम, अर्धा चमचा वेलचीपूड, पाव चमचा सुंठपूड, कोमट पाणी.

कृती: खजुरातील बी बोटाने चाचपून पाहावी, पाकिटावर 'बिनबियांचा' असे छापलेले असले तरीही. खजूर अर्धा तास जेमतेम बुडेल इतक्या कोमट पाण्यात भिजवावा आणि पाण्यासकट वाटावा. डाळे मिक्सरमधून बारीक दळून चाळून घ्यावे. चाळणीत उरलेला रवा पुन्हा दळावा, कारण तोच कण कवळीखाली जाऊन हिरडीला टोचतो. शेंगदाणे आणि तीळ तेल सुटेपर्यंत वाटावेत. या तेलामुळे तुपाची उणीव भासत नाही. सर्व एकत्र मळून २० मिनिटे झाकून ठेवावे. डाळ्याचे पीठ सावकाश पाणी पिते. मळताना मऊ वाटलेला गोळा नंतर कोरडा होतो, म्हणून या विश्रांतीनंतर गरजेप्रमाणे एक-दोन चमचे कोमट पाणी घालून पुन्हा मळावे आणि लिंबापेक्षा लहान लाडू वळावेत. दोन बोटांत दाबला असता लाडू न भुरभुरता चेपला गेला पाहिजे, ही त्याची परीक्षा.

अशा एका लाडवात साधारण पावणेतीन ग्रॅम प्रथिने, ७० कॅलरी आणि खजुरातून आलेली ४ ग्रॅमच्या आसपास साखर असते. पाणी घातलेले असल्याने ते डब्यात घालून शीतकपाटात ठेवावेत आणि चार-पाच दिवसांत संपवावेत. खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावेत, गार लाडू घट्ट लागतो.

शेंगदाणे निवडून घ्यावेत. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा वास येणारा किंवा कडू दाणा निर्दयपणे टाकून द्यावा. बुरशीतून उत्पन्न होणारे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही.

तुपाविना पुरणाचे गोळे

ज्यांना हा लाडूही जड वाटतो, त्यांच्यासाठी पुरण. हरभराडाळ दोन-तीन तास भिजवून कुकरमध्ये बोटाने सहज चेपेल इतकी मऊ शिजवावी. कट काढून आमटीस ठेवावा. एक वाटी कच्च्या डाळीला पाऊण वाटी वाटलेला खजूर किंवा अर्धी वाटी चिरलेला गूळ घालून मंद आचेवर आटवावे, पण कोरडे करू नये. पुरणयंत्रातून काढून वेलची, जायफळ घालावे आणि छोटे गोळे करावेत. आईच्या आवडीनुसार मी काही गोळे बारीक ओल्या खोबऱ्यात घोळवतो. कवळी सैल असेल तर खोबरे वगळावे. हे गोळे शीतकपाटात दोन दिवसच टिकतात.

प्रवासाच्या दिवशी किंवा अंगात काही करण्याचे त्राण नसेल तेव्हा सातूचे पीठ आहेच. गूळपाण्यात कालवून पातळसर केले की चमच्याने खाता येते.

देण्यापूर्वी एवढे पाहावे

पाणी पिताना वारंवार ठसका लागणे, जेवताना आवाज घोगरा वा ओलसर होणे, घास गालात साठून राहणे ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणे आहेत. पक्षाघात किंवा कंपवात असलेल्यांमध्ये ती विशेष आढळतात. अशा व्यक्तीला कोणताही लाडू देऊ नये. आधी डॉक्टरांकडून आणि गिळण्याच्या उपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून अन्न किती दाट वा पातळ असावे हे ठरवून घ्यावे. इतरांनाही ताठ बसवूनच, लहान घासांत, घाई न करता द्यावे आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये.

मधुमेहींनी "गूळ-खजूर नैसर्गिक आहेत" या समजुतीत राहू नये. रक्तशर्करा दोहोंनीही वाढते. एक लाडू चालेल, पण त्याची गणना दिवसाच्या पिष्टमय पदार्थांत करावी आणि तो बिस्किटांच्या जागी खावा, बिस्किटांच्या जोडीला नव्हे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: साखर अचानक उतरली, घाम आणि थरथर सुटली, तर लाडू देऊ नका. त्यातील तेल आणि प्रथिनांमुळे साखर रक्तात पोहोचण्यास वेळ लागतो. अशा वेळी रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे.

मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डाळे, शेंगदाणे, खजूर यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पोटात वायू धरण्याची सवय असेल तर पहिला आठवडा अर्ध्याच लाडवाने सुरुवात करावी. दूध पूर्णपणे सोडलेल्यांनी ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. कडधान्यांत ते नसते. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्येही ते कमी होऊ शकते. माझ्या मुलीलाही आता ते औषधरूपाने चालू आहे.

कोणी वळायचे?

या पदार्थांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण शेवटी सांगतो. लाडवांसाठी उकळता पाक नाही, कढईतले तापलेले तूप नाही, गॅससमोर उभे राहणे नाही. हात थरथरू लागल्यापासून आम्ही आईला स्वयंपाकघरात येऊ देत नव्हतो. तिला इजा होऊ नये, हा हेतू. त्या हेतूने आपण तिच्याकडून काय काढून घेतले, हे मात्र आम्ही कधी मोजले नव्हते. आता दर रविवारी मी वाटण-मळण करून परात जेवणाच्या टेबलावर ठेवतो आणि ती खुर्चीत बसून लाडू वळते. नात तिच्या शेजारी बसते. लाडू एकसारखे होत नाहीत, त्यावरून दोघींचे वादही होतात.

गेल्या रविवारी तिचे वजन ४७.५ किलो भरले. श्रेय एकट्या लाडवाचे नाही. नवी कवळी बसली, दुधाऐवजी ताक सुरू झाले, वरण घट्ट झाले. पण मधल्या वेळी तिने स्वतःहून डबा उघडला, हे मी पाहिले आहे. परवा त्या शेजारच्या काकू आल्या, तेव्हा मी चहाचे पाहीपर्यंत आई उठून आत गेली आणि बशीत दोन लाडू घेऊन आली. "मी केलेत हो, खाऊन सांगा," असे म्हणाली.

आपल्या घरातील ज्येष्ठांचे वजन या आठवड्यात एकदा करा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा करा. आणि ते जेवत असताना ताट वाढून निघून न जाता, एक दिवस शेवटच्या घासापर्यंत त्यांच्याजवळ बसून राहा.