परवलीचा शब्द दुकानदाराच्या वहीत

आमच्या पलटणीचे एक निवृत्त हवालदार उतईत राहतात. 'स्पर्श'वर हयातीचा दाखला भरायला परवा त्यांच्यासोबत बाजारातल्या ऑनलाइन कामांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पासवर्ड विचारलाच नाही, सरळ वही उघडली. पंधरा-वीस पेन्शनरांची नावं, समोर पासवर्ड. बहुतेकांचा स्वतःचं नाव आणि पुढे १२३४.

"साहेब, लक्षात राहत नाही," हवालदार म्हणाले.

मला हे पटत नाही. हाच माणूस रात्री पहाऱ्यावर परवलीच्या शब्दाशिवाय मलाही आत सोडत नसे. तो शब्द साऱ्या गार्डला ठाऊक असतो, म्हणून रोज बदलतो. पासवर्ड एकट्याचा असतो. तो फुटल्याचा संशय आला तरच बदलायचा.

पण दोष एकट्या जवानाचा नाही. 'दर तीन महिन्यांनी बदला, एक चिन्ह घाला' म्हटलं की माणूस १२३४ चं १२३५ करतो आणि चिठ्ठी लिहितो. २००३ मध्ये अमेरिकेत असे नियम लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये त्याबद्दल खंत व्यक्त केली. त्याच वर्षी तिथल्या 'निस्ट' संस्थेने ते बदलले. आपली कार्यालयं मात्र अजून तेच घोकतात.

ताकद लांबीत आहे. खुरपं, बोगदा, लिंबू, सतरंजी असे एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द निवडा. (हेच नकोत!) विसरायची भीती असेल तर लिहून घरच्या कपाटात कुलपात ठेवा. दुकानात नाही. ओटीपीही कुणाला सांगू नका.

हवालदारांनी त्याच संध्याकाळी पासवर्ड बदलला. मलाही सांगितला नाही.